झोपेत गेलेला मुऱ्हाळी

कूलरमधलं जुनं गवत काढून नवं भरायला माणूस आला, की पिंप्राळ्यात उन्हाळा आला असं आम्ही समजतो. त्याआधी ऊन पडत नाही असं नाही, पण ते कुणी मनावर घेत नाही. यंदाही तो आला, काळंकुट्ट झालेलं गवत रस्त्यावर झटकलं, नवं भरलं, पाणी सोडलं, आणि तो ओला, गोडसर वास घरभर झाला. माझी बायको सुनंदा म्हणाली, किती छान वास येतोय. मी उठून ओट्यावर गेलो. त्या वासात गेल्या उन्हाळ्यातला मी आहे, आणि तो माणूस मला डोळ्यांसमोर नको असतो.

वैशाखात दुपारी बारा ते पाच आमचं शहर बंद असतं. रिक्षावाले रिक्षातच पाय वर करून पडतात, दुकानदार अर्धं शटर ओढून आत आडवे होतात, कुत्री नाल्याच्या कडेला ओल शोधून बसतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना आमचं मोठं कौतुक. खान्देशातला माणूस उन्हाशी कसा झुंजतो म्हणे! झुंजतो कसला, झोपतो. कूलरसमोर बनियनवर, तोंड उघडं टाकून, लाळ गळेपर्यंत झोपतो. कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्की करून निवृत्त झाल्यावर मीही त्या फौजेत भरती झालो.

फरक इतकाच, की गेल्या वर्षी मी नुसता झोपत नव्हतो. झोपेत कारभार करत होतो. हे शिकवलं शेजारच्या चौधरींनी. चौधरी आधी विमा विकायचे, मग पाणी शुद्ध करायची मशिनं विकली, आणि गेल्या वर्षी स्वप्नं काढली. मोबाइलवर कुठलासा कोर्स करून आले आणि दर रविवारी सकाळी स्वतःच्या हॉलमध्ये आठ-दहा निवृत्तांना जमवून सांगू लागले, की स्वप्न पडू द्यायचं नाही, आपण पाडायचं. स्वप्नात असतानाच आपण स्वप्नात आहोत हे ओळखायचं, आणि एकदा ओळखलं की आपणच मालक. त्यासाठी दिवसभर स्वतःला विचारत राहायचं, मी आत्ता झोपेत आहे का? तळहाताकडे बघून बोटं मोजायची, स्वप्नात ती सहा किंवा सात भरतात. दुकानाची पाटी एकदा वाचून मान वळवायची आणि परत वाचायची, स्वप्नात अक्षरं बदलतात. आम्ही खुळे, भाजी बाजारात उभे राहून बोटं मोजायचो. भाजीवाल्या बायका एकमेकींना कोपर मारून हसायच्या, आणि आम्हांला वाटायचं, बिचाऱ्यांना काय कळणार.

मला बोटांचा उपयोग झाला नाही. माझी खूण मी शोधली. आमच्या गल्लीत भर दुपारी उन्हात उभ्या स्कूटरच्या सीटवर बसायचं. चटका बसला तर जागे आहात, नाही बसला तर स्वप्न. चौधरींनी ही खूण सगळ्यांना सांगितली आणि स्वतःच्या नावावर खपवली.

पहिल्यांदा जमलं तो दिवस आठवतो. मी गल्लीत उभा होतो, ऊन पांढरंफटक, स्कूटरवर बसलो, आणि सीट गार. गार म्हणजे माठाच्या बुडासारखी गार. मी झोपेत आहे, हे मला झोपेतच कळलं, आणि त्या क्षणी सगळं लख्ख झालं. समोरच्या कडुनिंबाचं पान न् पान वेगळं दिसायला लागलं, भिंतीवरचे पोपडे, चौधरींच्या फाटकावरचा गंज. त्या उजेडाची मी थट्टा करणार नाही. तो आनंद खोटा नव्हता. फार हरखलं तर जाग येते, म्हणून शिकवल्याप्रमाणे तळहात एकमेकांवर चोळत राहिलो, स्वप्न टिकलं, आणि मी फाटक न उघडता चौधरींच्या अंगणात गेलो. मग वीज गेली. कूलर थांबला, मानेखाली घाम आला, आणि मी खाटेवर. त्या उन्हाळ्यात स्वप्नावर ताबा माझा होता आणि माझ्यावर वीजवाल्यांचा.

रविवारी आम्ही एकमेकांना स्वप्नं सांगायचो. देवा रे. सगळं आकाश मोकळं मिळालेलं, आणि माणसांनी त्यात काय करावं? एक जण उडाला, तर स्वतःच्या प्लॉटवर घिरट्या घालून कुंपण सरळ आहे का बघून आला. दुसऱ्याने स्वप्नात पार्किंग मोठं केलं. कापडाच्या दुकानाचे एक शेठजी यायचे, ते स्वप्नात फक्त गादीवर बसायचे आणि नोकर उलट बोलायचे नाहीत, एवढंच. तेवढ्यावर ते इतके खूश, की डोळ्यांत पाणी. मी आतल्या आत नाक मुरडायचो. ह्यांची झेप कुंपणापलीकडे जात नाही, असं मला वाटायचं. माझं स्वप्न वेगळं होतं, उदात्त होतं. मी बहिणीला माहेरी आणत होतो.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. धुळ्याच्या पुढे, साक्रीच्या अलीकडे एका गावात तिचं सासर, जन्म गेला तिथे. आमच्याकडे आखाजीचा सण मोठा, बाहेरचे त्याला अक्षय्य तृतीया म्हणतात. आखाजीला सासुरवाशिणीने माहेरी यायचं, झोक्यावर बसायचं, गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, आमरस-पुरणपोळी खायची आणि चार दिवस सुनेसारखं न वागता लेकीसारखं वागायचं. पण तिने आपलं आपण यायचं नसतं. माहेराहून माणूस न्यायला जावा लागतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला तर त्या बाईला माहेर आहे. न आला तर नाही, आणि हे सबंध गाव ओट्यांवर बसून बघत असतं. केस पिकले तरी ह्यातून सुटका नाही. साठीची बाईही आदल्या दिवशी पिशवी भरून बसते.

आधी वडील जायचे. त्यांच्यानंतर मी जात होतो, म्हणजे आई पाठवत होती म्हणून जात होतो. आई आमच्याकडे पिंप्राळ्यात असायची. आखाजीच्या आठ दिवस आधीपासून ती माझ्यामागे लागायची, डब्यात दशम्या बांधून द्यायची, गाडीची वेळ दहा लोकांना विचारायची. मी कुरकुरत जायचो. गेल्या वर्षीच्या आखाजीआधीच्या पौषात आई गेली. तेराव्याला अक्का मागच्या दारी भांडी घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, आईचं काय काय तुला हवं ते घेऊन जा. तिने मान वर केली नाही.

"काही नको भाऊ. आखाजीले तेवढा लेवाले ये."

न्यायला ये. बस. एवढंच मागितलं. आई नसताना घर तिचं राहिलं आहे की नाही, याचा निकाल त्या एका फेरीवर होता. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, सुनंदाला तर पक्कं माहीत होतं.

आणि मी रोज जायला लागलो. दुपारी जेवून, कूलर लावून. काय सुंदर प्रवास तो! गाडी दारातून निघायची. एरंडोल लागायचं नाही, पारोळा लागायचा नाही, धुळ्याच्या स्टँडवर गाडी बदलायची भानगड नाही. शेतं हिरवी, तीही भर उन्हाळ्यात. अक्काच्या दारात उतरलं की ती पिशवी घेऊन तयार, वय तीस, केस काळे, गुडघे धड. मला बघून हसायची, कारण मी हसवायचो. झोका बांधायचो, ती बसायची. मी तिच्या तोंडून वदवून घ्यायचो, आईच्या मागे तूच आमचं माहेर रे भाऊ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा झोपेत रडलो. मग रोज म्हणायला लावलं. एकदा मात्र तिने माझ्याकडे वेगळंच बघितलं. डोळे बारीक करून, लहानपणी मी खोटं बोललो की बघायची तसं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला ते बरं वाटलं नाही. मी चटकन देखावा बदलला आणि तिला परत झोक्यावर बसवलं. चौधरी म्हणायचे, नको ते पात्र आलं की वळवून टाकायचं. मी वळवून टाकलं.

आखाजीच्या आठवडाभर आधी तिचा खराखुरा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून तिने विचारलं, कधी येशील. मी म्हणालो, आदल्या दिवशी, सकाळच्या गाडीने. बोलताना इतका सहज बोललो, की मी एकविसाव्यांदा जातो आहे असं वाटलं. सुनंदाने विचारलं, रिझर्वेशन वगैरे काही? मी म्हणालो, मला काय आता त्या रस्त्याचं. स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते हे लिहिताना.

आदल्या दिवशी सकाळची गाडी चुकली. चुकली म्हणजे चहा पीत बसलो. ऊन आठ वाजताच तापलेलं. म्हटलं, अकराला निघू. अकराला म्हटलं, जरा पडतो, बाराच्या गाडीने जातो. पडलो. गेलो. त्या दिवशीचा प्रवास सगळ्यांत चांगला झाला. अक्काला घेऊन आलो, पायऱ्यांवर तिचा हात धरला, आत आणून बसवलं. वीजही गेली नाही, जणू सगळ्या खान्देशाने माझी सोय करायची ठरवली होती. पाच वाजता डोळे उघडले. मन तृप्त. स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनंदाला सांगितलं, "चहा टाक. अक्कालाही दे, उन्हातून आलीय."

सुनंदा दारात आली. हातात पुरणाचं पातेलं होतं. तिने आधी खोलीत बघितलं, मग बाहेर ओट्यावर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. पातेलं खाली ठेवायचं तिला सुचेना.

इथवरचं ऐकून लोक हळहळतात. अरेरे, झोपेत गल्लत झाली, उन्हाने होतं असं. मलाही हे सांगायला बरं पडतं. पण गल्लत पाच मिनिटांत संपली. सव्वापाचला मी टक्क जागा होतो. सहाला धुळ्याची गाडी होती. रात्र झाली असती, पण पोचलो असतो. गाडी नाही तर भाड्याची जीप होती. सुनंदा म्हणाली, निघा. मी म्हणालो, आता कुठे, उद्या बघू. आणि खरं सांगतो, मला निकड वाटतच नव्हती. पोटातली टोचणी दुपारी शमली होती. तिला आणल्याचं सगळं समाधान मी आधीच खाऊन बसलो होतो, पोट भरलेल्या माणसाला कोण उठवणार? झोप माझी लबाड नव्हती. जागेपणी मी लबाड होतो.

दुसऱ्या दिवशी आखाजी. आईच्या नावाची पहिली घागर सुनंदाने एकटीने भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, आंबे ठेवले. मी हात जोडले, विस्तवावर घास टाकला आणि रस ओरपला. हो, ओरपला. दोन वाट्या. मग अक्काच्या घरी फोन लावला. तिच्या सुनेने उचलला. ती पोर भली, ओरडली नाही, नुसतं सांगत गेली. सासूबाई काल नऊपासून ओट्यावर बसल्या होत्या. सावली सरकली तशा कडुनिंबाखाली जाऊन बसल्या. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी विचारलं तर सांगायच्या, गाडी लेट असेल. फोन करू का म्हटलं तर करू दिला नाही. शेवटची गाडी गेल्यावर पिशवी उचलून आत आल्या आणि पुरण वाटायला बसल्या. फोनवर बोलवू का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, असू दे, कामात असेल.

रविवारी चौधरींना सांगितलं. वाटलं, निदान हा माणूस तरी ओशाळेल. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांना सांगितलं की ही फार वरची पायरी आहे, स्वप्न आणि जागेपण यांतली भिंतच पडली. शेठजींनी टाळी वाजवली. मी तेव्हा उठून चालू पडायला हवं होतं. मी चौधरींना विचारलं, याच्या पुढची पायरी कोणती.

त्याहून नीच गोष्ट राहिली आहे, तीही सांगून टाकतो. आखाजीनंतर मी जागेपणी अक्काकडे गेलो नाही, पण झोपेत गेलो. रोज. माफी मागायला. आणि ती रोज माफ करायची. जाऊ दे रे भाऊ, झालं गेलं. म्हणणारच, मीच म्हणवत होतो. पावसाला सुरुवात होईपर्यंत मी तिच्याकडून अशी माफी उचलली. मग एका दुपारी मी दारात उतरायच्या आतच ती म्हणाली, जाऊ दे. मी काही मागितलं नव्हतं, ती झाडाखालून, माझ्याकडे न बघता, न थांबता म्हणत राहिली, जाऊ दे, जाऊ दे, जाऊ दे. ऑफिसात मी वर्षानुवर्षं न वाचता कागदांवर शिक्के मारले, तसा आवाज होता. किळस आली. जागा झालो आणि त्यानंतर दुपारी झोपणं सोडलं. चौधरींकडे जाणंही. ते आता म्हणे सांधेदुखीचं तेल विकतात. भाऊबीजेला अक्काकडे फोन केला, तर ती नातवाला ताप आहे म्हणाली. संक्रांतीलाही कोणाला तरी ताप होता.

स्वप्न ताब्यात ठेवणारे लोक मला आता लांबून ओळखू येतात. त्यांना जग वळलेलं हवं असतं, वळवण्याची दगदग नको असते. माझ्यासारखे. समोरचं माणूस बोलेल या भीतीने त्याला आपणच बोलकं करायचं आणि वर त्याला साधना म्हणायचं. शेठजी निदान नोकरांना गप्प करत होते. मी सख्ख्या बहिणीला.

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसहाची गाडी धरली. सुनंदाने काही विचारलं नाही, डबाही दिला नाही, ते योग्यच होतं. एरंडोल लागलं. पारोळा लागला, आणि अर्धा तास लागूनच राहिला, कारण कंडक्टर नाश्त्याला गेला. खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. धुळ्याच्या स्टँडवर साक्रीच्या गाडीत माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. शेतं होती तशी होती, नांगरून उघडी पडलेली, ढेकळांची. स्वप्नात मी ह्यांना हिरवा रंग दिला होता! शेंबड्या पोराने चित्राच्या वहीत द्यावा तसा.

अक्का ओट्यावर बसून वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती. अंगावर रोजचं लुगडं. जवळ पिशवी नव्हती. मी ती आधी शोधली, हे तिने पाहिलं असावं. केस सगळे पांढरे झालेत, आणि उठताना तिला दोन्ही हात टेकावे लागतात. ती उठली, पाणी आणून दिलं, परत बसली. घरचं सगळं विचारलं. मी न्यायला आलोय म्हणालो. ती कुरडया भरत राहिली.

मग मी सगळं सांगितलं. बोटं मोजण्यापासून. मला वाटत होतं ती हसेल, आणि हसली की निम्मं काम झालं. तिने अगदी लक्ष देऊन ऐकलं. मी रोज तुला घ्यायला येत होतो अक्का, देवाशपथ, एक दिवस चुकलो नाही, असंही म्हणालो. या वाक्याची लाज मला गाडीत बसल्यावर वाटली, म्हणताना नाही. तिने डबा बाजूला सरकवला.

"मंग मी उनू?"

आलीस, मी म्हणालो. रोज आलीस. हसत आलीस.

"काही बोलनू नही?"

चांगलंच बोललीस, मी म्हणालो. तक्रार कधी केली नाहीस.

तिने डब्याचं झाकण लावलं. नीट, चारी बाजूंनी दाबून.

"मंग तिलेच लई जाय," ती म्हणाली.

तिलाच घेऊन जा. रागाने नाही. खरंच मला सोयीचं काय आहे ते सांगावं, तशी म्हणाली. मी गेल्या उन्हाळ्यात तिच्या तोंडी किती वाक्यं घातली, पण हे माझ्या डोक्यातून कधीच निघालं नसतं. हे तिचं होतं. कडुनिंबाखाली दिवसभर बसून कमावलेलं. मी तेव्हा, उभ्या जन्मात पहिल्यांदा, उत्तर ठाऊक नसताना तिला विचारलं, येशील का अक्का? समोरच्या ओट्यावरच्या बायका आमच्याकडे बघत होत्या. तिने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"औंदा नही."

यंदा नाही. पुढच्या वर्षाचं ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. तिने जेवायला वाढलं, मी खाली मान घालून जेवलो. चारच्या गाडीला ती फाट्यापर्यंत आली, दुखऱ्या गुडघ्यांनी, गाडी येईपर्यंत उन्हात उभी राहिली. मी चढलो. धुळ्याला बदललेली गाडी निम्मी रिकामी होती. डोळे इतके जड झाले, की मान लटकायला लागली. बसून राहिलो असतो तर झोपलो असतो, आणि झोपलो असतो तर ती शेजारच्या सीटवर असती. मी दांडा धरून उभा राहिलो. कंडक्टर दोनदा म्हणाला, बाबा, जागा आहे, बसा. मी म्हणालो, असू दे. पिंप्राळ्यापर्यंत उभ्याने आलो.